वडील भावाचा चेहरा : भारतीय चित्रपटांतील यहुदी

नंदुरबार जिल्ह्यात कोठेही सिनेगॉग नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी किंवा तापीच्या काठी राहणाऱ्या आम्हां ख्रिस्ती मंडळींना यहुदी माणूस दोनच ठिकाणी भेटत आला : मिस्सेतील वाचनांत आणि पडद्यावर. वाचनांतला यहुदी कानांनी ऐकायचा असतो. त्याला चेहरा दिला तो चित्रपटाने. प्रायश्चित्तकाळात मिशनच्या पटांगणात पांढरे कापड ताणून येशूचरित्राचा चित्रपट दाखवण्याचा प्रघात आमच्याकडे होता. १९७८ सालचा मूळ तेलुगू 'करुणामयुडु' हिंदीत 'दयासागर' या नावाने आला आणि खेडोपाडी फिरला. लोक जमिनीवर बसून असे चित्रपट पाहत, आणि क्रूसाच्या वाटेचा प्रसंग आला की आयाबाया पदराने डोळे पुसत.

खेळ संपल्यावर या प्रेक्षकांपैकी कोणाला विचारले असते की, 'आत्ता पाहिलेल्या माणसांत यहुदी कोण कोण होते?', तर त्याने प्रमुख याजकाकडे, परूश्यांकडे आणि पिलाताच्या वाड्यापुढे ओरडणाऱ्या जमावाकडे बोट दाखवले असते. येशू यहुदी होता, पवित्र मरिया यहुदी होती, पेत्र आणि योहान यहुदी होते, क्रूसापाशी थांबलेल्या स्त्रियाही यहुदीच होत्या, हे त्याच्या ध्यानात आले नसते. मीही याच प्रेक्षकांत बसलेलो होतो. तेव्हा हा दोष मी दुसऱ्या कोणाच्या पदरी घालीत नाही. परंतु या अनुभवातून एक प्रश्न मनात राहिला. ज्या कलेने आपल्याला यहुदी दाखवला, तिने त्याची ओळख करून दिली काय? प्रस्तुत लेखात काही भारतीय चित्रपटांच्या आणि एका इस्राएली चित्रपटाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : आपल्या चित्रपटांत यहुदी माणूस पहिल्यापासून आहे, पण बहुधा दुसऱ्याच्या नावाने आहे, आणि ते दुसऱ्याचे नाव पुष्कळदा आपले, म्हणजे ख्रिस्ती माणसाचे, आहे.

१

चित्रपटांकडे वळण्यापूर्वी आपल्या शेजाऱ्याची थोडी माहिती करून घेणे अगत्याचे आहे. यहुदी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे यरुशलेम येते. अलिबाग, पेण, चौल, नवगाव ही नावे येत नाहीत. वास्तविक कोकणकिनाऱ्यावरील बेने इस्राएल समाज शतकानुशतके मराठी बोलत आला आहे. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारी घाणा बंद ठेवण्याची रीत यांमुळे गावकऱ्यांनी त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. चौलचे चेऊलकर, पेणचे पेणकर, किहीमचे किहीमकर अशी गावांवरून त्यांची आडनावे पडली. त्यांच्या प्रार्थनामंदिरांनाही शेजाऱ्यांनी आपापल्या ओळखीची नावे दिली. मुंबईत १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधलेले सिनेगॉग 'जुनी मशीद' म्हणून ओळखले गेले, तर पुण्यातील बगदादी यहुद्यांचे लाल विटांचे सिनेगॉग 'लाल देऊळ' झाले. या नावांत द्वेष मुळीच नाही, उलट आपलेपणाच आहे. तरीही यहुद्यांच्या उपासनास्थानाला मशीद म्हटले गेले, देऊळ म्हटले गेले, त्याच्या स्वतःच्या नावाने मात्र फारसे कोणी हाक मारली नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढे चित्रपटांतही हेच घडले.

आपल्या वाचकांना आणखी एका गोष्टीत आपलेपणा वाटेल. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ओवीच्या रूपात ख्रिस्तचरित्र मराठीत आणले, हे आपण अभिमानाने सांगतो. बेने इस्राएलांनीही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कीर्तनाचा साज स्वीकारला आणि योसेफ, मोशे यांच्या कथा मराठी पद्यात गाइल्या. वल्हांडणाच्या रात्री घरी वाचावयाचा 'हग्गादा' मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ साली छापला गेला. जुन्या कराराला मराठी वळण देण्याचे जे काम आपल्याकडे झाले, त्याच्या शेजारीच, त्याच भाषेत, दुसऱ्या एका समाजाचे असेच काम चालू होते. या कीर्तनांना, या हग्गाद्याला आणि प्रेषित एलियाच्या स्मरणार्थ गोड पोह्यांचे तबक मांडून होणाऱ्या 'मलिदा' विधीला आपल्या लोकप्रिय चित्रपटांत काय स्थान मिळाले, असा प्रश्न केला तर उत्तर देताना अडखळायला होते.

२

हिंदी चित्रपटसृष्टीने यहुदी हा विषय घेतलाच नाही असे मात्र नाही. १९३३ साली न्यू थिएटर्सने प्रेमांकुर आतर्थी यांच्या दिग्दर्शनाखाली 'यहुदी की लडकी' काढला आणि १९५८ साली बिमल रॉय यांनी 'यहुदी' काढला. दोहोंच्या मुळाशी आगा हश्र काश्मिरी यांचे पारशी रंगभूमीवर गाजलेले उर्दू नाटक आहे. बिमल रॉय यांच्या चित्रपटात सोहराब मोदी यांनी एझ्रा या वृद्ध यहुद्याची, मीनाकुमारी यांनी त्याची मुलगी हन्ना हिची आणि दिलीपकुमार यांनी रोमन राजपुत्र मार्कसची भूमिका केली. रोमन सत्तेच्या जुलमात एझ्राचा लहान मुलगा मारला जातो. जुलूम करणाऱ्या ब्रूटसची मुलगी एझ्राच्या घरी पोचते आणि त्याचीच मुलगी म्हणून वाढते. राजपुत्र यहुद्याचे सोंग घेऊन तिच्यावर प्रेम करतो. शेवटी एझ्राचे रहस्य उघड होते आणि ज्या मुलीला 'यहुदी की लडकी' म्हणून तुच्छ लेखले ती आपल्याच पोटची असल्याचे ब्रूटसला कळते.

कथानकात सामर्थ्य आहे, यात शंका नाही. माणसाची जात रक्तात असते की संगोपनात, हा प्रश्न ते धारदारपणे विचारते. सोहराब मोदी यांचे भारदस्त उर्दू संवाद चित्रगृहात घुमत. 'दो बिघा जमीन'च्या दिग्दर्शकाकडून अपेक्षित असलेले साधेपण येथे नाही. नेपथ्य आणि पोशाख रंगभूमीचे आहेत. पण माझा आक्षेप नेपथ्याबद्दल नाही. येथला यहुदी कोणत्याही काळातला, कोणत्याही गावातला नाही, ही या चित्रपटाची खरी उणीव आहे. एझ्राच्या घरात शब्बाथ कसा पाळला जातो, तो काय खातो, कोणत्या शब्दांत प्रार्थना करतो, याची दिग्दर्शकाला फारशी गरज पडलेली नाही. यहुदी हे येथे 'पीडित' या शब्दाचे दुसरे नाव आहे. पारतंत्र्यातील प्रेक्षकाने रोमच्या जागी इंग्रज पाहिला असेल आणि एझ्राच्या जागी स्वतःला पाहिले असेल, तर ते स्वाभाविकच होते. पण त्या व्यवहारात खरा यहुदी बाहेरच राहिला. प्रमुख भूमिकांकडे पाहा : एझ्रा झालेले नट पारशी, हन्ना आणि मार्कस झालेले कलावंत मुसलमान. सुलोचना, नादिरा आणि डेव्हिड यांच्यासारखे यहुदी कलावंत त्याच काळात त्याच मुंबईत काम करीत होते.

आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट या कथेच्या पूर्वेतिहासात आहे. आगा हश्र यांच्या नाटकाचे मूळ फ्रेंच ऑपेरात जाते. फ्रोमेंताल हालेव्ही या यहुदी संगीतकाराचा 'ला ज्विव्ह' हा ऑपेरा १८३५ साली पॅरिसमध्ये सादर झाला. त्याची संहिता यूजेन स्क्रीब यांची. इंग्रजी रंगभूमीवर त्याचे रूपांतर झाले आणि तेथून ती कथा भारतात आली. मूळ ऑपेरातील घटना घडते १४१४ साली कॉन्स्टान्स या शहरात, ख्रिस्तसभेच्या धर्मपरिषदेच्या वेळी. यहुदी सोनाराला आणि त्याच्या मुलीला मृत्युदंड देणारे तेथे मूर्तिपूजक रोमन नाहीत, ख्रिस्ती आहेत. आणि जिची ओळख पटेपर्यंत तिला उकळत्या कढईत ढकलण्यात आलेले असते, ती मुलगी एका कार्डिनलची असते. कार्डिनल होण्यापूर्वीच्या संसारातील ही मुलगी मेली असे समजून तो इतकी वर्षे जगलेला असतो.

भारतात येताना कार्डिनलचा ब्रूटस झाला आणि कॉन्स्टान्सचे रोम झाले. आगा हश्र यांच्या प्रेक्षकांना पंधराव्या शतकातील धर्मपरिषद अपरिचित होती, म्हणून हा बदल नाट्यदृष्ट्या समजण्यासारखा आहे. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की, आपण ख्रिस्ती प्रेक्षक 'यहुदी' पाहताना अगदी निश्चिंत राहिलो. रोमन सत्तेनेच आपल्याही पूर्वजांना सिंहांपुढे टाकले होते. त्यामुळे आपण सहज एझ्राच्या बाजूला जाऊन बसलो. मूळ कथा मात्र आपल्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारी होती. हे कळल्यानंतर तोच चित्रपट पुन्हा पाहिला तर ब्रूटसच्या अंगरख्याआड कार्डिनलची लाल वस्त्रे दिसू लागतात आणि निश्चिंतपणा उरत नाही. हा अनुभव आपल्या वाचकांनी घ्यावा अशी माझी शिफारस आहे.

३

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. यहुद्यांच्या भूमिका इतरांनी केल्या, तर यहुदी कलावंतांनी कोणाच्या भूमिका केल्या?

भारतीय बोलपटाचा आरंभच त्यांच्या हाताने झाला आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये झळकलेल्या 'आलम आरा'चे लेखक जोसेफ डेव्हिड पेणकर हे बेने इस्राएल होते. त्याआधी मूकपटांच्या काळात, कुलीन म्हणवणाऱ्या घरांतील स्त्रिया कॅमेऱ्यापुढे येण्यास तयार नव्हत्या, तेव्हा यहुदी आणि अँग्लो-इंडियन मुलींनी ते धाडस केले. पुण्यात जन्मलेली रूबी मायर्स ही टेलिफोन ऑपरेटर 'सुलोचना' या नावाने तत्कालीन सर्वांत लोकप्रिय नटी झाली. (मराठी प्रेक्षकांच्या आठवणीतील सुलोचना लाटकर या निराळ्या.) तिने मूकपटात आणि नंतर बोलपटातही अनारकली साकारली, आणि १९५३ सालच्या 'अनारकली'त ती सलीमची आई झाली. १९७३ सालच्या दादासाहेब फाळके पुरस्काराने तिचा गौरव झाला. कलकत्त्याची एस्तर व्हिक्टोरिया अब्राहम 'प्रमिला' झाली आणि १९४७ साली पहिली 'मिस इंडिया' ठरली. बगदादी यहुदी घराण्यातील फ्लॉरेन्स इझिकेल 'नादिरा' झाली. हिंदू नाव घ्यावे, मुसलमानी नाव घ्यावे, पण आपले नाव पडद्यामागे ठेवावे, असा तो रिवाज होता. नाव बदलणारे केवळ यहुदीच नव्हते, हे खरे. पण या समाजाच्या वाट्याला आलेले मौन त्यामुळे अधिक दाट झाले.

यातून एक विलक्षण गोष्ट घडली आणि तीच आपल्या समाजाच्या दृष्टीने विचारणीय आहे. हिंदी चित्रपटातील 'ख्रिस्ती' माणूस अनेकदा या यहुदी कलावंतांनी उभा केला. डेव्हिड अब्राहम चेऊलकर, म्हणजे आपल्या सर्वांच्या परिचयाचे डेव्हिड, हे चौलच्या आडनावाचे बेने इस्राएल. १९५४ सालच्या 'बूट पॉलिश'मधील त्यांचा जॉन चाचा कोण विसरेल? चोरटी दारू विकणारा हा माणूस झोपडपट्टीतल्या दोन अनाथ मुलांना भीक मागू नका, हातांनी कमवा, असे शिकवतो. स्वतः कायद्याच्या पलीकडे राहून मुलांना मात्र तो कष्टाच्या वाटेवर लावतो. या विसंगतीतला कनवाळूपणा डेव्हिड यांनी आवाज न चढवता दाखवला आणि त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. पुढे 'चुपके चुपके'मधील हरिपदभैया, 'गोलमाल'मधील केदारमामा आणि वांद्र्याच्या कॅथोलिक कुटुंबांवर बेतलेल्या 'बातों बातों में'मधील अंकल टॉम, असे ते सर्वांचेच चाचा, मामा, अंकल होत गेले. नादिरा यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला तो १९७५ सालच्या 'ज्युली'तील अँग्लो-इंडियन आईच्या, मार्गारेटच्या, भूमिकेसाठी.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, दुसऱ्याचे रूप घेणे हाच नटाचा धर्म. मग यहुद्याने ख्रिस्ती होण्यात वावगे काय? वावगे काहीच नाही. यहुदी भूमिका यहुद्यानेच करावी असा हट्ट मी धरीत नाही. तसा हट्ट धरला तर रंगभूमीच बंद करावी लागेल. माझी खंत वाहतूक एकाच बाजूने झाली याची आहे. डेव्हिड यांना अनेक प्रकारची माणसे होता आले, पण ज्या भूमिकांसाठी आपण त्यांची आठवण काढतो त्यांत एकही चेऊलकर नाही. दुसरा आक्षेप असा की, जॉन चाचात यहुदी म्हणावे असे काय आहे? प्रामाणिकपणे सांगायचे तर पडद्यावर तसे काही दिसत नाही, आणि ओढूनताणून दाखवण्याची माझी इच्छा नाही. मुद्दा निराळाच आहे. निर्मात्याला जेव्हा जेव्हा 'थोडेसे परके' माणूस हवे असे, फ्रॉक घालणारी आई हवी असे किंवा टोपीवाला प्रेमळ म्हातारा हवा असे, तेव्हा तो यहुदी आणि ख्रिस्ती यांच्यात फरक करीत नसे. दोघांनाही त्याने एकाच कपाटात ठेवले होते.

हिंदी चित्रपटातील ख्रिस्ती माणूस दारू पितो, त्याची मुलगी नाचते, आणि आईच्या तोंडी मोडकी हिंदी असते, अशी तक्रार आपण कित्येक वर्षे केली आणि ती रास्त होती. 'ज्युली'तले घरही याच साच्यातले आहे, जरी नादिरा यांनी त्या आईच्या धास्तीला खरेपणा दिला. परंतु तक्रार करताना एक गोष्ट आपल्या ध्यानात आली नाही. आपले हे व्यंगचित्र ज्या चेहऱ्यावर रेखाटले जात होते, तो चेहरा आपल्याहूनही लहान अशा एका समाजाचा होता, आणि त्या समाजाला तक्रार करण्यापुरतेदेखील स्वतःचे पात्र मिळालेले नव्हते. आपण निदान विद्रूप रूपात तरी दिसत होतो. ते दिसतच नव्हते.

नंदुरबारच्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. भिल्ल, पावरा, मावची असे कोणी पडद्यावर आले की बहुधा शहरातली नटमंडळी अंगाला रंग फासून नाचताना दिसतात. जब्बार पटेल यांच्या 'जैत रे जैत' (१९७७) सारख्या चित्रपटाने ठाकरांचे जग आस्थेने उभे केले, तरी तेथेही प्रमुख चेहरे ठाकरांचे नव्हतेच. आपली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याचा अनुभव ज्याला आहे, त्याला चेऊलकरांचे मौन लवकर समजेल.

४

अलीकडच्या काळात एका भारतीय चित्रपटाने यहुद्याला यहुदी म्हणून उभे केले, आणि ते दृश्य अस्वस्थ करणारे आहे. अपर्णा सेन यांच्या 'मिस्टर अँड मिसेस अय्यर' (२००२) या चित्रपटात दंगलखोरांचा जमाव एक बस अडवतो. कोण हिंदू, कोण मुसलमान, हे पुरुषांच्या शरीरावरील खुणेवरून ठरवले जाऊ लागते. प्रवाशांत कोहेन नावाचा एक यहुदी आहे. तो जमावाला एक वृद्ध मुसलमान जोडपे दाखवून देतो आणि त्या दोघांना खाली उतरवून नेले जाते. नंतर तो सांगतो की, आपलीही सुंता झालेली आहे. आपल्यालाच मुसलमान समजून मारतील, या भीतीने आपण हे केले.

हे पात्र पाहून काही जणांना वाईट वाटेल. भारतीय पडद्यावर एवढ्या वर्षांनी एक यहुदी आला आणि तोही शेजाऱ्याचा घात करणारा! मलाही प्रथम तसेच वाटले. यहुदा इस्कार्योतची छाया येथे पडली आहे की काय, असा संशय आला. परंतु अधिक विचार केल्यावर कोहेनचे नाते यहुदाशी जुळत नाही, पेत्राशी जुळते. यहुदाने पैसे घेतले. कोहेनने काहीच घेतले नाही. पेत्र प्रमुख याजकाच्या अंगणात शेकोटीपाशी बसला होता आणि त्याच्या बोलीवरून तो गालीलकर असल्याचे लोकांनी ओळखले. ज्या खुणेने माणूस आपल्या लोकांचा ठरतो, तीच खूण जीवावर बेतली की तो नाकारू पाहतो. पेत्राला बोलीने उघडे पाडले; कोहेनला शरीर उघडे पाडील अशी भीती होती. पेत्राच्या नाकारण्याने कोणाचा जीव गेला नाही, कोहेनच्या बोटाने दोन जीव गेले, हा फरक मोठा आहे आणि तो पुसून टाकता येणार नाही. तरीही दोघांच्या भीतीची जात एकच आहे. त्याच बसमध्ये मीनाक्षी अय्यर ही कर्मठ ब्राह्मण स्त्री एका मुसलमान तरुणाला आपला नवरा म्हणून सांगते आणि उसन्या नावाने त्याचा जीव वाचवते. एकाच प्रसंगात एकीने नाव देऊन माणूस वाचवला आणि एकाने नाव सांगून माणसे मारली. ही मांडणी दिग्दर्शिकेच्या प्रतिभेची साक्ष देते.

तथापि समीक्षकाने विचारले पाहिजे की, या चित्रपटाला यहुद्याबद्दल आणखी काय माहीत आहे? सुंतेवाचून काहीच नाही. देवाने अब्राहामाशी केलेल्या कराराची ही खूण आपल्या शुभवर्तमानानुसार बालयेशूच्याही शरीरावर आठव्या दिवशी झाली होती. चित्रपटात तिचे एवढेच महत्त्व उरते की, ती मुसलमानाच्या खुणेसारखी दिसते. पुन्हा एकदा यहुद्याची ओळख दुसऱ्यावरून ठरली.

५

बेने इस्राएलांची गोष्ट परदेशात तरी कोणी सांगितली काय? इस्राएली दिग्दर्शक अवी नेशर यांच्या २००४ सालच्या हिब्रू चित्रपटाचे नाव मराठीत सांगायचे तर 'जगाच्या टोकाला डावीकडे' असे होईल. काळ १९६८ चा. नेगेव्हच्या वाळवंटातील एका वसाहतीत भारतातून आलेले तलकर कुटुंब आणि मोरोक्कोतून आलेली कुटुंबे शेजारी शेजारी राहू लागतात. पवित्र भूमीचे स्वप्न घेऊन आलेल्यांना तेथे धूळ आणि कारखान्यातली मजुरी मिळते. दोन्ही गट एकमेकांना हलके समजतात, आणि दोन घरांतल्या दोन मुलींची मैत्री मात्र जमते. 'तलकर' हे आडनाव ऐकताच मराठी प्रेक्षकाचे कान टवकारतात. परंतु कोकण तेथून पुढे फारसे भेटत नाही. या मंडळींचे भारतीयत्व क्रिकेट आणि इंग्रजी शिष्टाचार यांतूनच प्रामुख्याने दाखवले आहे. येथेही आईवडिलांच्या भूमिका परमीत सेठी आणि कृत्तिका देसाई या मुंबईच्या बिगर-यहुदी कलावंतांनी केल्या.

तरीही हा चित्रपट महत्त्वाचा मानावा लागतो, कारण एका दुखऱ्या सत्याला तो स्पर्श करतो. इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएलांच्या यहुदीपणाविषयी तेथील धर्माधिकाऱ्यांनी विवाहाच्या प्रश्नावरून शंका घेतली होती. त्यांना आंदोलन करावे लागले, आणि १९६४ साली त्यांचे पूर्ण यहुदीत्व मान्य करण्यात आले. जे भारतात 'शनिवार तेली' होते ते तिकडे 'हिंदी' ठरले. अशा माणसांनी वाळवंटात मराठी टिकवली, 'मायबोली' नावाचे मराठी त्रैमासिक चालवले, ही घटना कोणत्याही पटकथेहून हृद्य आहे.

डॅनी बेन-मोशे यांच्या 'शालोम बॉलिवुड' (२०१७) या माहितीपटाने सुलोचना, प्रमिला, नादिरा आणि डेव्हिड यांची नावे एकत्र आणून ऋण फेडले. त्याचे स्वागत करावयास हवे. पण तो तारेतारकांचा माहितीपट आहे. त्यांच्या चमकत्या छायाचित्रांमागे जे घर होते, जेथे आजी मराठीत मोशेची गोष्ट सांगत असेल, तेथे जाणे त्याच्या कक्षेत येत नव्हते.

एरवी आपल्या सुशिक्षित वाचकाची यहुद्यांबद्दलची कल्पना युरोपातील संहाराच्या चित्रपटांनी घडवली आहे. स्टीव्हन स्पिलबर्ग यांच्या 'शिंडलर्स लिस्ट' (१९९३) चा शेवट आठवा. वाचलेली माणसे रांगेने येऊन शिंडलरच्या थडग्यावर खडे ठेवतात. ते थडगे यरुशलेमच्या कॅथोलिक दफनभूमीत आहे, याची जाणीव आपल्यापैकी थोड्यांनाच असेल. मराठी साहित्यातही विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण' (१९३९) मधली हॅर्टा ही जर्मनीतून परागंदा झालेली यहुदी तरुणी आपल्या मनात घर करून राहिली. या कृतींचे मोल निर्विवाद आहे. परंतु त्यांच्यामुळे यहुदी म्हणजे दूरदेशीचा बळी, असे समीकरण पक्के होते. कोकणातील यहुद्याचा कोणी छळ केला नाही. म्हणून त्याची कथाही झाली नाही. माणसाला पडद्यावर येण्यासाठी आधी मारले जावे लागते की काय, असा कडवट विचार मनात येतो.

६

आपल्या ख्रिस्तसभेने या बाबतीत बराच मोठा पल्ला गाठला आहे. पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ साली शुभ शुक्रवारच्या प्रार्थनेतील यहुद्यांविषयीचा निंदाव्यंजक शब्द काढून टाकला. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्रात स्पष्ट केले की, ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर सरसकट किंवा आजच्या यहुद्यांवर लादता येणार नाही. पोप दुसरे जॉन पॉल १३ एप्रिल १९८६ रोजी रोमच्या सिनेगॉगमध्ये गेले आणि यहुदी हे आपले वडील बंधू आहेत, असे त्यांनी म्हटले. ही शिकवण कागदावर आली. पटांगणातील पांढऱ्या कापडापर्यंत ती पोचली काय, याची शंका वाटते. २००४ साली मेल गिब्सन यांच्या 'द पॅशन ऑफ द ख्राईस्ट'ने पुन्हा एकदा त्या जमावाचे विकृत चेहरे जवळून दाखवले, तेव्हा आपल्याकडे बहुतेकांची चर्चा रक्ताबद्दल झाली, चेहऱ्यांबद्दल झाली नाही.

चेऊलकरांच्या घरातील मलिद्याचे तबक, अलिबागच्या इस्राएल आळीतला शब्बाथ, इस्राएलला जावे की राहावे यावरून दोन भावांत झालेला वाद, हे सारे मराठीत दाखवणाऱ्या चित्रपटाची मी वाट पाहतो आहे. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. कलेने त्यांना शेजाऱ्याचा दर्जा द्यावा. तो चित्रपट येईल तेव्हा येवो. तोवर आपल्या हाती असलेले एक साधे काम आपण करू शकतो. पुढच्या प्रायश्चित्तकाळात मिशनच्या पटांगणात येशूचरित्राचा खेळ लावण्यापूर्वी मुलांना पाच मिनिटे सांगावे की, शेवटच्या भोजनाच्या मेजाभोवती बसलेले सारेजण यहुदी आहेत. ते वल्हांडणाचा सण पाळीत आहेत. आणि हाच सण पाळणारी, त्याची कथा मराठीत वाचणारी माणसे आपल्याच महाराष्ट्रात समुद्रकाठी राहत आली आहेत. मग दिवे मालवावेत आणि चित्रपट सुरू करावा. त्या रात्री एखाद्या मुलाने जमावाकडे बोट दाखवण्याऐवजी येशूकडे आणि मरियेकडे बोट दाखवून 'हे यहुदी' असे म्हटले, तर आपण चित्रपट पाहायला शिकलो असे म्हणता येईल.